चार अंड्यांचा मान

बाळांनो, जरा डोळे मिटा. जत तालुक्यातला एक तलाव मनात आणा. वैशाखाचे ऊन आहे. पाणी आटून डबक्याएवढे उरले आहे, भोवती भेगाळलेला गाळ आणि त्यात खडेच खडे. आता नीट बघा. त्यातले काही खडे नाहीतच. मातकट, काळ्या ठिपक्यांची ती टिटवीची अंडी आहेत. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या काठावर उथळ खळगा करते. तो काठ हेच तिचे घर.

दहा वर्षांच्या समीक्षाला ती अंडी लांबून दिसत. तिच्या गावात पेरणीआधी टिटवीची अंडी सुपात घालून देवळात आणायची रीत होती. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, तीन म्हणजे तीन. सुपाचा मान तिचे आजोबा अर्जुना यांच्या घराण्याचा. त्यांची नजर अधू झाली आणि शोधायचे काम नातीकडे आले. गाव तिचे कौतुक करी. गेल्या साली पिल्ले निघाली का बघायला ती देवळात गेली, तर सुपाला मुंग्या लागल्या होत्या.

यंदा तिने टाळाटाळ केली, पण आजोबांपुढे चालले नाही. तिने एक खळगा दाखवला. तीन अंडी निघाली.

“आवं तात्या, तीनच व्हय?” शेजारच्या वस्तीवरचा गुंडा हसला. “तुमच्या सुपात पाऊस दरसाल कमीच! औंदा मान आमास्नी द्या. चार आणून दावतो.”

माणसे खिदळली. अर्जुना तात्यांना ते झोंबले. त्यांनी चौघांना काठ धुंडाळायला लावले. दुसरा खळगा सापडला, त्यात दोनच. तीही सुपात गेली. डोक्यावर टिटव्या ओरडत होत्या, माणसांच्या टोप्यांवर झेपा घेत होत्या, आणि लोक मोबाईलवर त्याची गंमत टिपत होते.

उत्तर आवडले नाही म्हणून दुसऱ्या आईचे घर लुटायचे! ही काही अडाणी माणसे नव्हेत. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाची सून शिक्षिका. मुंग्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो सारे कळत असून खिदळणाऱ्यांचा.

“समे, तुला ठावं हाय,” आजोबा म्हणाले. “चार कुठं हायती?”

“ठावं हाय. पर सांगणार न्हाई.”

“का गं?”

“तीन आली तर तीनच म्हणा की! चार मिळूस्तवर समदा काठ रिकामा करायचा व्हय? फुडल्या साली काय मोजणार, खडं?”

“आली बघा फौजदारीण!” गुंडा म्हणाला.

आजी बनुबाई पुढे झाली. “पोरी, चारचौघांत आज्जाची मान खाली घालू नगंस. सांग, माझी बाय.”

“आव्वा, आपली कोंबडी खुडूक बसली की तू कुत्र्याला दारात फिरकू देत न्हाईस. मग ह्या टिटवीनं काय केलंय?”

बनुबाई मागे सरकली. आजोबांचा हात मात्र उठला. गालावर बोटे उमटली तरी समीक्षाने जागा सांगितली नाही. ज्या मानासाठी लेकराला मारावे लागते, तो मान नव्हे, ती मिजास. तिथे मोठी म्हणवणारी इतकी माणसे होती, पण कुणी ‘अर्जुना, चुकलास’ म्हटले नाही.

“रड की आता,” कुणीतरी म्हणाले.

ती रडली नाही. तिने आजोबांच्या हातातले सूप काढून घेतले आणि ती खळग्यांकडे चालू लागली. आजोबांनी हाक मारली, दरडावले. ती थांबली नाही. लोक मागे निघाले. उन्हाने अंडी तापली होती. ती जगतील का, हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नाही. दुसऱ्या खळग्यात तिने दोन ठेवली. मग पहिल्या खळग्यापाशी गुडघे टेकले आणि तिन्ही अंडी, निमुळती टोके आत करून, जशी होती तशी मांडली. टिटवीला उतरता यावे म्हणून ती मागे सरकत गेली, बरीच लांब. मग ती मागून आलेल्या गावकऱ्यांकडे वळली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभी राहिली.