हद्दीतले उंदीर

रिपेकाच्या झोपडीतल्या मेणबत्त्या कुरतडलेल्या सापडल्या, तेव्हाच तिने ओळखलं की बेटावर उंदीर आलेत. कसे आले, तेही ओळखलं. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेच्या त्या बेटावर दर एप्रिलात टीटी पक्ष्यांची पिल्लं धरायला सात घराणी यायची; प्रत्येक घराण्याची बेटावरची हद्द ठरलेली. बोट खोल पाण्यात उभी करायची आणि सामान होडीतून आणायचं, ही आजोबांपासूनची रीत. गेल्या वर्षी तिचा चुलतभाऊ तिओने याने भली मोठी लोखंडी चूल आणली. ती होडीत मावेना, म्हणून त्याने बोट सरळ खडकाला दोरखंडाने बांधली. दोन दिवस. उंदरांना दोन मिनिटं पुरली असती.

टीटी समुद्रभर लाखांनी होते, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न मातुहीचा होता. शेपूट नावापुरतं असलेलं हे मूठभर पाखरू उडायचा कंटाळा करी आणि जमिनीवरून तुरुतुरु पळे. जिथे जिथे माणसं राहायला गेली तिथून ते नाहीसं झालं होतं. इथे माणूस वर्षातले दोनच महिने येई, म्हणून टिकलं होतं. पूर्वी रिपेकाच्या दारात आठ-दहा तरी दिसत. यंदा बेटभर हिंडून तिला एकच जोडी दिसली, तीही तिओनेच्या हद्दीत.

आणि दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता पाऊल टाकायचं नाही. म्हणून ती विचारायला गेली.

"दादा, तुझ्याकडे उंदरांना सापळे लावू दे."

"माझ्या हद्दीत उंदीर नाहीत."

"मग माझ्या मेणबत्त्या कुणी खाल्ल्या? तू?"

"तुझ्या हद्दीतले उंदीर तुझे, बाई. आमच्याकडे स्वच्छता असते."

"आले कुठून ते? पोहत?"

"हे बघ, माझ्या चुलीचं नाव काढायचं नाही!"

तिने चुलीचं नाव काढलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पिल्लं धरायला वरच्या कड्याकडे गेला तसे तिने त्याच्या रानात पाच सापळे लावले. तिसऱ्या सकाळी ती पुन्हा चोरपावलांनी गेली, तर तिओने आधीच पोचलेला. चार सापळ्यांतले चार उंदीर त्याने शेपटीला धरून एकेक करून समुद्रात भिरकावले. पाचव्यात मेलेलं मातुही होतं. ते मात्र त्याने रुमालात जपून ठेवलं.

दुपारी सगळी घराणी जमली. तिओनेने रुमाल मिठाच्या पिंपावर उलगडला. वडीलधारी हरियाता मावशी निवाड्याला बसली होती.

"सापळा कुणाचा?"

"माझा," रिपेका म्हणाली.

"हद्द?"

"त्याची. पण मावशी, चार उंदीरही सापडले होते."

"कुठायत?"

"त्याने समुद्रात टाकले. मी डोळ्यांनी पाहिलं."

"माझ्या हद्दीत उभी राहून पाहिलंस ना?" तिओने म्हणाला. "ऐकलंत सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. मातुही कमी का झाली, याचा उलगडा झाल्याने लोकांना हायसं वाटलं. मारणारी समोरच उभी होती. रिपेकाला दोन मोसम बेटबंदी झाली.

"आणखी कुणाचं काही?" मावशीने विचारलं.

"माझं," तिओने म्हणाला. "पुढच्या वर्षी मांजर आणीन म्हणतो. उंदरांसाठी नाही हं, उंदीर नाहीतच. बायकोला सोबत म्हणून."

"वेड लागलंय का तुला?" रिपेका ओरडली. "दुसरं पाखरू अजून जिवंत असेल तिथे!"

"तू गप्प बस, तुझा निकाल लागलाय," मावशी म्हणाली. मग ती तिओनेकडे वळली. तिचा चेहरा गंभीर होता.

"हद्दीबाहेर नाही ना जाणार ते?"

"छे! माझं मांजर आहे, मावशी."

मंजुरीसाठी सगळ्यांनी हात वर केले.