बूट बाहेर काढून

भौतिकशास्त्राच्या बाईंना त्या सकाळी घास गोड लागला नाही. सैन्याचे कर्नलसाहेब गोगलगायी बघायला येणार होते. जखम रक्ताने ओली असली की पट्टी निसटते आणि जवान वाटेतच दगावतो. गोगलगाय मात्र ओल्या काचेलाही घट्ट धरते, तेव्हा तिच्या चिकट स्रावावरून जखम बंद करणारा लेप बनवायचा, अशी बाईंची कल्पना. पैशासाठी दारोदार फिरूनही बाईंना कुणी उभं केलं नव्हतं. सैन्याने मात्र विश्वास टाकून तीन वर्षं पैसा दिला. बाई त्या उपकाराला जागणाऱ्या होत्या. पण लेप अजून अर्धाच झाला होता आणि पुढची तीन वर्षं मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं.

सोबत जीवशास्त्राचे सर होते, गणिताचे सर होते. तिघांच्या तीन तऱ्हा, पण एका गोष्टीवर एकमत झालं होतं. नव्या अर्जात खर्च कमी दिसावा म्हणून गोगलगायी सांभाळणाऱ्या मावशींची जागा गाळायची. ही युक्ती गणिताच्या सरांची; एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय. पण सही बाईंची होती. मावशींना हे कळलं होतं, तरी त्यांनी आज लवकर येऊन सगळ्या काचा पुसल्या होत्या.

कर्नलसाहेब चार अधिकाऱ्यांसह दणदण करत खोलीत शिरले आणि सगळ्या गोगलगायी शंखात गेल्या. एकही काचेवर चढेना. जीवशास्त्राच्या सरांनी ओल तपासली, बाईंनी दिवा मंद केला. गणिताच्या सरांनी जुन्या नोंदी चाळून सांगितलं की असं होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. गोगलगायींना ते पटलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मावशी दाराशी अनवाणी उभ्या होत्या. या खोलीत त्या कायम अनवाणीच वावरत आणि बाई ते त्यांचं खूळ समजत.

“साहेब, राग मानू नका,” मावशी म्हणाल्या, “पण बूट बाहेर काढून या. जमीन हादरली की त्या घाबरतात.”

संपलं सगळं, असं बाईंना वाटलं. साहेब मात्र मुकाट्याने बाहेर जाऊन नाड्या सोडू लागले. मग बाकीच्यांनाही बूट काढावेच लागले. साहेबांच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता, पण हसायची कुणाची टाप! सगळे भिंतीला लागून गुपचूप उभे राहिले. दहा मिनिटांनी एका शंखातून डोकं बाहेर आलं. मग सात-आठ गोगलगायी काच चढल्या आणि वरून पाण्याची धार सोडली तरी एकही हलली नाही.

साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अर्ज मागवला आणि सहीसाठी पेन काढलं.

बाईंना गप्प बसून भागलं असतं. पण मावशींच्या उघड्या पायांकडे त्यांची नजर गेली. हिने आज आपली लाज राखली आणि आपण हिच्याच पोटावर पाय आणला होता.

“थांबा साहेब. या अर्जात एक माणूस मी गाळलंय,” बाई म्हणाल्या. “त्यांच्यावाचून हे काम व्हायचं नाही. खर्च वाढेल.”

साहेबांनी एकदा मावशींकडे पाहिलं, पेन बाईंच्या हातात दिलं आणि पुन्हा काचेपाशी जाऊन उभे राहिले.

“लिहा,” ते म्हणाले. “तोवर मी बूट घालत नाही.”