घरात असलेलं

वॉशिंग मशीनने काम संपल्याची टिंगटिंग सुरू केली तशी ती धावली आणि तिसऱ्या टिंगच्या आत बटण दाबलं. पलंगावर लेक कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. चला, अजून तासभर पदरात पडला.

ओले कपडे तसेच सोडून ती लॅपटॉपपुढे बसली. पावणेतीन. चार वाजता उच्चारबाईंकडे पहिलं मूल येणार होतं.

उच्चारबाई हे नाव लेकीने ठेवलेलं. ऐकायला कमी येणाऱ्या मुलांना त्या बोलायला शिकवायच्या. त्यांच्यासाठी हिने दीड वर्ष, लेकीच्या झोपांचे तुकडे जोडून जोडून, एक प्रोग्राम लिहिला होता. पडद्यावर चेंडू येतो, लहान मुलाचा आवाज ‘चेंडू’ म्हणतो, समोरच्या मुलाने तसं म्हणायचं. आवाज लेकीचाच. शंभर शब्द, पांघरुणाच्या तंबूत बसून रेकॉर्ड केलेले.

इथे घरी प्रोग्राम पोपटासारखा बोलायचा. बाईंच्या कॉम्प्युटरवर मात्र तीन दिवस एकच तऱ्हा. बाईंनी सकाळीही फोन केला होता.

“अगं, खिडकी उघडते आणि लगेच मिटते. डोळा मारून पळतो बघ तुझा तो.”

“काही लिहून येतं का हो?”

“लिहिणार कधी? थांबतोच कुठे मेला! हे बघ, आज नाही जमलं तर मी आपली माझी जुनी कार्डं काढते. मुलांना किती दिवस ताटकळत ठेवू?”

कार्डं एकदा बाहेर आली की प्रोग्राम कायमचा कपाटात जाणार, हे तिला न सांगता कळलं.

अशा प्रोग्रामला इतरांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्रऱ्या म्हणतात. चित्र दाखवणारी एक, आवाज वाजवणारी एक, अशा कितीतरी. त्या सगळ्या बांधून त्याची एकच फाईल करायची, ती इन्स्टॉलर. समोरच्याने दोनदा टिचकी मारावी, बाकी सगळं आपोआप जागच्या जागी बसावं. काय काय बांधायचं त्याची यादी तिने हाताने केली होती आणि आता अकराव्यांदा वाचत होती. यादी बरोबर होती. तिच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालत होता. सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालत होता. मग बाईंकडेच काय माशी शिंकत होती? तिला वाटायला लागलं, यादी बरोबर आहे आणि आपणच चुकलोय.

ती उठून सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते पत्त्यांचा खेळ खेळत होते. पान पडलं की कॉम्प्युटरमधून ‘फट्’ असा आवाज यायचा.

“बाबा, जरा उठता? परत एकदा बघते.”

“काल चाललं, परवा चाललं, आज काय नवीन बघणार?” पण ते उठले. “आणि सूनबाई, माझ्या फट्ला हात लावू नकोस हं. तूच तर बसवून दिलंस.”

“मी? कधी?”

“कधी म्हणजे? पोर रांगत होती तेव्हा. पत्ते मुके होते माझे. तू काहीतरी घातलंस आणि बोलायला लागले.”

ती माऊस हातात धरून तशीच उभी राहिली. आवाज वाजवणारी लायब्ररी. पत्त्यांसाठी इथे घातलेली, स्वतःच्या लॅपटॉपवर त्याच्याही आधीपासून असलेली. घरात होतीच, म्हणून कधी कमी पडली नाही, आणि कमी पडली नाही म्हणून यादीत आली नाही.

“बाबा, तुमचं फट् काढावं लागेल.”

“का? त्याने काय घोडं मारलंय?”

“ते काढल्याशिवाय काय कमी आहे ते कळणार नाही.”

सासऱ्यांनी पडद्याकडे असं पाहिलं, जणू पाहुणा निघालाय. “काढ. पण परत घाल.”

तिने ती लायब्ररी काढली आणि प्रोग्राम उघडला. खिडकी उघडली, मिटली. डोळा मारून पळाला! ती टाळ्या पिटायला लागली.

“बिघडलं म्हणून नाचतेस?” सासरे म्हणाले. “धन्य आहे तुझी.”

यादीत एक ओळ वाढली. इन्स्टॉलर पुन्हा बांधला, सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चढवला. दोन टिचक्या. पडद्यावर लाल चेंडू आला आणि खोलीभर आवाज घुमला, “चेंडू!”

“मी नाही बोलले!” दारात लेक उभी, केस विस्कटलेले, एका पायात मोजा. “आई, मी तर झोपले होते.”

पावणेचारला फाईल बाईंना गेली. मग ती फोन मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि लेक तिला टेकून. चारला पाच कमी. चार. चार वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी फोन नुसता कॉम्प्युटरकडे धरून ठेवला होता. आधी लेकीचा आवाज आला, “चेंडू.” मग एक अनोळखी, घोगरा, चाचपडणारा आवाज, “तें... दू.”

तिने तोंडावर हात धरला.

“ते कोण?” लेकीने कुजबुजत विचारलं.

“तुझ्याकडून बोलायला शिकतंय कुणीतरी.”

“मग इतके दिवस का नाही शिकलं?”

“माझ्याकडून एक गोष्ट बांधायची राहिली होती. आपल्या घरात ती होतीच ना, म्हणून लक्षातच आलं नाही. तिकडे गेल्यावर कळलं.”

लेक विचारात पडली. खुर्चीवर तिची नवी पिशवी होती. सोमवारपासून ती पूर्ण दिवसाच्या शाळेत जाणार होती, आणि पिशवी आईने कालच भरली होती. डबा, बाटली, रुमाल, जादाचे कपडे, सगळं यादी करून. लेक उतरली, पिशवीची चेन उघडून आत डोकावली, मग तिने घरभर नजर फिरवली. पलंग, ओले कपडे, आजोबांचं दार, आई.

“आई,” ती म्हणाली, “माझं काय बांधायचं राहिलंय?”