रावणाची कंबर

साहेब रावणाला बघतील, भांडणाऱ्या दोघांना एकेकदा नाचवतील आणि मग निकाल देतील, असं बारकूला वाटलं होतं. म्हणून तर पेठकडच्या डोंगरातून तो रावणाचं सोंग बायकोच्या लुगड्यात गुंडाळून, डोक्यावर वाहून नाशिकच्या कोर्टात घेऊन आला. साहेबांनी लुगड्याची गाठसुद्धा सोडवली नाही. कारकुनाने वरून लाखेचा शिक्का मारला आणि दहा तोंडांचा रावण कोठारात मोडक्या खुर्च्यांमागे जाऊन बसला. लुगडंही त्याच्याबरोबर गेलं, आणि चांगलं होतं हो ते लुगडं.

बोहाडा म्हणजे त्यांच्याकडचा सोंगांचा उत्सव. होळी झाली की लाकडी मुखवटे बांधून देव आणि राक्षस गावातून नाचतात, आणि जड सोंग पडू नये म्हणून दुसरा कुणी मागून त्याची कंबर धरतो. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं ते वाडवडिलांपासून ठरलेलं. रावण बारकूच्या बापाचा, मुखवटाही त्याच्याच घरी. बाप गेला तेव्हा बारकू लहान, म्हणून नाल्यापलीकडच्या पाड्यावरच्या माणसाने रावण घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच्यामागे त्याच्या पोराने, झिपरूने. बारकू मोठा झाला, म्हणाला, आमचा रावण आता आम्ही घेणार. झिपरू म्हणाला, इतकी वर्षं आम्ही घाम गाळला, आता कसला तुमचा? झालं. गेले दोघं कोर्टात. खालच्या कोर्टाने झिपरूच्या बाजूने निकाल दिला, बारकूने वरच्या कोर्टात अपील केलं, आणि तिथे तारखांवर तारखा पडत राहिल्या.

आता हा झिपरू परका असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो झुंबरबाईचा सख्खा भाऊ, आणि झुंबरबाई बारकूची बायको. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. अंगणात उभं राहिलं की नाल्यापलीकडे माहेरच्या चुलीचा धूर दिसायचा, पण तिकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. त्यातच झिपरूला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, मुलगी झाली. नाव आत्याने ठेवायचं असतं. झिपरू बहिणीला बोलावणं धाडेना, आणि दुसऱ्या कुणाला नावही ठेवू देईना. पोर रांगायला लागली तरी बिननावाचीच. ‘ए’ म्हटलं की बघते, असं बाजारात कुणीतरी सांगितलं, तेव्हा झुंबरबाई मिठाच्या दुकानासमोरच रडली.

अशात एकोणीसशे सदतीस सरता सरता बातमी आली की दिल्लीला नवीन कोर्ट निघालंय, साऱ्या हिंदुस्थानातलं मोठं. बारकूला आभाळ ठेंगणं झालं. तोवर त्याला एकच घोर होता. लंडनपर्यंत भांडेन, असं तो चारचौघांत बोलून बसला होता, आणि लंडनला जायचं तर रावणाला समुद्र ओलांडावा लागणार. लंकेच्या राजाला समुद्राचं काय, म्हणून लोक चिडवायचे. पण दिल्ली म्हणजे आगगाडीचं काम! तो बायकोला घेऊन तडक नाशिकला सलाउद्दीन वकिलांकडे आला.

सलाउद्दीन वकील मूळचे मालेगावचे, जिभेने गोड आणि मनाने सरळ. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि नीट समजावलं. दिल्लीचं कोर्ट खरंच बसलंय, पण ते सरकारासरकारांतल्या भांडणांचं, कायदा करायचा हक्क कुणाचा ते ठरवणारं. तुमच्या-आमच्यासारख्यांचं शेवटचं दार अजून विलायतेतच आहे. इतकंच काय, दिल्लीने दिलेला निकालसुद्धा विलायतेत फिरवता येतो.

बारकूचं तोंड उतरलं. झुंबरबाई मात्र कान देऊन ऐकत होती.

“म्हणजे दिल्लीच्या कोर्टाची कंबर विलायतवाल्यानं मागून धरलीय,” ती म्हणाली.

वकील खो खो हसले. म्हणाले, अगदी तसंच समजा बाई. अजून तान्हं आहे ते कोर्ट. उद्या मोठं होईल, सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकेल, तेव्हा धरणाऱ्याला हात सोडावाच लागेल. मग तिने विचारलं की विलायतेतले साहेब तरी रावणाला नाचताना बघतात का? वकील म्हणाले, छे, ते फक्त कागद वाचतात. हे ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. कागद वाचून का रावण कळतो? मग निदान आमच्या रावणाला वाळवी तर लागली नाही ना, तेवढं बघू द्या, म्हणाली. ती मागणी वकिलांना पटली. त्यांनी अर्ज केला, आणि होळीच्या आधीची तारीख मिळाली.

त्या दिवशी झिपरूही आला, संबळ वाजवणाऱ्या पुंजाला घेऊन. पुंजा साक्षीदार. साक्षीला बोलावलंय म्हणजे वाजवावंच लागणार, असं समजून तो प्रत्येक तारखेला संबळ गळ्यात अडकवून यायचा, आणि प्रत्येक तारखेला तसाच परत जायचा.

कोर्टाच्या ओसरीवर कारकुनाने शिक्का फोडला, गाठ सोडली. रावण धडधाकट होता. रंग थोडा उडालेला, एका तोंडाची मिशी उंदराने नेलेली, बाकी राजा तो राजा. झुंबरबाईने हात जोडले. कारकून परत गाठ मारायला वाकला, तसा बारकू आडवा आला. उघडलेलं सोंग नाचवल्याशिवाय झाकायचं नसतं, ही गावची रीत. वकिलांनी डोळे मोठे करून विचारलं, इथे? बारकू म्हणाला, मग काय, उघडलं इथंच ना? आणि कारकून नको नको म्हणेपर्यंत त्याने रावण चढवलासुद्धा. पुंजा इतकी वर्षं ह्याच घडीची वाट बघत होता. त्याने विचारलं नाही, बघितलं नाही, संबळावर टिपरी टाकली.

रावणाचं सोंग भारी अवजड. दोन्ही बाजूंना तोंडांची रांग, मधल्या भोकातून समोरचं जेमतेम दिसतं, आणि पायाखालचं काहीच नाही. बारकू दोन गिरक्या घेऊन ओसरीच्या कडेला आला. खाली दगडी पायऱ्या. झिपरू पाठ फिरवून उभा होता. त्याने मान वळवून बघितलं, बारकूचा पाय हवेत होता, आणि पुढे काय झालं ते त्यालाही कळलं नसेल. तो धावला, मागून बारकूच्या कमरेचा पटका दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडला, “पायरी हाय, डावीकडं वळ!”

रावण डावीकडे वळला. संबळ थांबला नाही. दोघं ओसरीभर नाचले, बारकू पुढे, झिपरू मागे, जसे त्यांचे बाप नाचायचे. पक्षकार, शिपाई, वकील, सगळं कोर्ट गोळा झालं. न्यायाधीश साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि संबळ थांबेपर्यंत नाच बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की दाव्यात रावण कोण घेतो एवढंच लिहिलंय, त्याला मागून धरतो कोण, हे कुणीच कसं लिहिलं नाही? बारकू मुखवट्याच्या आतून म्हणाला, ते काय लिहायचं साहेब, ते तर साऱ्या गावाला ठाऊक हाय.

झिपरूचे हात अजून पटक्यावरच होते. तो ते काढायला लागला, तेव्हा झुंबरबाई सगळ्या पुरुषांतून पुढे आली.

“सोडू नको दादा. तू सोडलंस तर त्यो पडंल, अन् त्यो पडला तर मी कुठं जाऊ?”

झिपरूने सोडलं नाही. मान खाली घालून म्हणाला, एक साल ह्यानं घ्यावा, एक साल मी, आणि जो घेणार नाही त्यानं धरावं. बारकू आतून हो म्हणाला. सलाउद्दीन वकील कागद मागवायला धावले, कोण जाणे परत मन फिरलं तर! साहेबांनी तडजोड मंजूर केली, रावण सोडला आणि लुगडंही सोडलं.

त्या वर्षीच्या बोहाड्यात रावण पहाटेला निघाला आणि ऊन पडेपर्यंत नाचला. मग सगळे घाम पुसत नाल्यापलीकडे झिपरूच्या अंगणात गेले. झुंबरबाईने माहेरचा उंबरा ओलांडला आणि बिननावाच्या भाचीला उचलून छातीशी धरलं. मग त्याच लुगड्याची झोळी केली, पोरीला तीत घातलं आणि कानाशी तोंड नेलं. काय ठेवलंस, काय ठेवलंस, म्हणून बाया मागे लागल्या.

“दिल्ली,” ती म्हणाली.

बाया हसून लोटपोट झाल्या. हे कसलं गं नाव? झुंबरबाई म्हणाली, का, वाईट काय हाय? लहान हाय, पण मोठी व्हणार हाय.

पोर झोळीत राहायला तयार नव्हती. बारकूने तिला उतरवून अंगणात उभं केलं आणि मागून कंबर धरली. तिने एक पाऊल टाकलं, समोरच्या बापाकडे बघितलं, आणि धरणाऱ्याचे हात रागाने ढकलायला लागली.

“सोड की आता,” झिपरू हात पसरून म्हणाला. “चालंल ती.”

बारकूने हात सोडले.