विल्फ डॉड्सच्या घरचा आडोसा

मी आडोसा बोलतोय. दिसायला साधाच आहे: नारिंगी-हिरव्या पट्ट्यांचं जाड कापड आणि चार दांडे. समुद्रकाठच्या वाळूत मला ठोकून उभा करायचा, माझ्यामागे चादर अंथरायची आणि हुडहुडी भरली तरी 'काय सुंदर हवा आहे' म्हणत बसायचं, ही आमच्याकडची सुट्टी. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाऱ्याखेरीज फारसं काही येत नाही, तरी माणसं माझ्यामागे बसून आइस्क्रीम खातात. त्यांच्या या चिकाटीवरच माझं पोट आहे.

माझा जन्म अ‍ॅशिंग्टनमधल्या एका स्वयंपाकघरात झाला. एनिड डॉड्सने जुन्या आरामखुर्च्यांचं कापड उसवून मला शिवलं आणि तिचा नवरा विल्फ याने झाडूचे दांडे तासून मला पाय दिले. दुकानातून आणलेले आडोसे पहिल्याच झोतात मान टाकतात. मी कधी टाकली नाही. गर्व म्हणा हवं तर, पण आहे तो आहे.

विल्फ किनाऱ्यावरची बस चालवायचा. आठवडाभर लोकांची ने-आण करायची आणि सुट्टीत पुन्हा तोच रस्ता धरायचा, फक्त आपल्या निळ्या मोटारीतून, एनिडला आणि लेक हिलरीला घेऊन. वॉर्कवर्थचा किल्ला झाला की डन्स्टनबरो, मग बॅम्बरो. डन्स्टनबरोला मोटार जात नाही. क्रास्टर गावापासून मेंढरांच्या कुरणातून चालत जायचं आणि परतताना तिथले धुरी दिलेले मासे घ्यायचेच. मग घर येईपर्यंत मी त्या वासात गुदमरत पडायचो. प्रत्येक गडासमोर विल्फ आधी वाऱ्याची दिशा नीट बघायचा आणि मग बरोब्बर चुकीच्या बाजूला मला ठोकायचा.

"विल्फ, वारा इकडून येतोय," एनिड सँडविचवरची वाळू झटकत म्हणायची.

"पण किल्ला तिकडून दिसतो ना!"

"मग किल्लाच खा आता."

हिलरी खिदळत वाळूत लोळायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लिंडिसफार्नचा तो दिवस उजाडला. लिंडिसफार्न म्हणजे बेट, आणि त्याच्या टेकाडावर एक छोटा देखणा किल्ला. बेटाकडे जाणारा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा वर येतो. कोणत्या वेळात जावं-यावं ते दोन्ही टोकांना पाटीवर लिहिलेलं असतं. बाहेरगावची माणसं पाटी मन लावून वाचतात. घोटाळा करतात ते आमच्यासारखे, याच किनाऱ्यावर जन्मलेले.

"वेळ टळून गेली आहे हं," परत निघताना एनिड म्हणाली.

"पाटी पाहुण्यांसाठी असते गं. लिहिणारा हात राखून लिहितो. मी याच किनाऱ्यावर बस चालवतो, विसरलीस का?"

अर्ध्या वाटेत पाणी चाकांना लागलं, मग दारांना. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. रस्त्याकडेला उंच खांबांवर एक पांढरी खोपटी आहे, अशा शहाण्यांसाठीच बांधलेली. विल्फने हिलरीला खांद्यावर घेऊन शिडी गाठली. एनिडने खाण्याची पिशवी आणि मला उचललं. बघता बघता खाली समुद्र पसरला आणि निळी मोटार छपरापर्यंत बुडाली. मला पोरीभोवती गुंडाळलं होतं. ती थरथरत होती, आणि तिला धरणारे हातही.

ओहोटी लागल्यावर सगळे धडधाकट परतले. पण काठावरून कुणीतरी फोटो काढला होता, तो पेपरात छापून आला. मग काय! बसमध्ये चढणारा जो तो विचारायचा, "काय विल्फ, आज पोहायचे कपडे आणायचे होते का?" विल्फ हसून तिकीट द्यायचा. घरी आल्यावर मात्र गप्प बसायचा. पुढच्या उन्हाळ्यात एनिडने थर्मास बाहेर काढला तर म्हणाला, "मला गवत कापायचंय." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही गवतच कापायचं होतं. त्याला एकट्याला घरी ठेवून एनिडचाही पाय निघेना, आणि आमचे किल्ले बंद झाले.

माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. रंगाचे वाळलेले डबे, फुटक्या कुंड्या आणि ते गवत कापायचं यंत्र, असा माझा शेजार. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण दर उन्हाळ्यात ते यंत्र दिमाखात बाहेर जायचं आणि मी आतच. त्या यंत्रावर माझा फार राग होता.

मधल्या काळात हिलरी मोठी झाली, लीड्सला नोकरीला गेली, तिला मेबल नावाची मुलगी झाली. यंदा उन्हाळ्यात ती माहेरी आली आणि तिने थेट शेडचं दार उघडलं. मला कपड्यांच्या दोरीवर टाकून धोपटलं. म्हाताऱ्या एनिडने चष्मा सावरत माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याला स्वयंपाकघरातल्या पडद्याचा तुकडा लावला.

विल्फ काठी टेकत बाहेर आला. "हे कशाला काढलंत?"

"मेबलला किल्ले दाखवायचेत. लिंडिसफार्नपासून सुरुवात," हिलरी म्हणाली.

"खुशाल जा. मी येणार नाही. मी माझ्या माणसांना पाण्यात घातलं होतं."

बसमधली थट्टा त्याला लागली, असंच मी इतकी वर्षं समजत होतो. त्याला लागलं होतं ते हे.

"बाबा," हिलरी म्हणाली, "त्या खोपटीत तुझे हात कापत होते. मला कळलं होतं ते. तोवर मला वाटायचं, घरात भित्री मी एकटीच. तू पण घाबरतोस म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं! त्या दिवशी तू मला सगळ्यात जास्त आवडलास. आणि त्याच दिवसापासून तू आमच्याबरोबर येईनासा झालास."

विल्फने काठीच्या टोकाने माझा कोपरा उचलून पाहिला. मग म्हणाला, "तो तुकडा उलटा शिवलाय."

"मग चल आणि उलट्या बाजूने बस," एनिड म्हणाली.

तो आला. काठावरची पाटी त्याने स्वतः वाचली, मेबलकडून वाचून घेतली आणि वर एका अनोळखी बाईलाही वाचायला लावली. किल्ला बघून होतो न होतो तोच त्याचं "निघा, निघा" सुरू झालं; भरतीला अजून पुष्कळ अवकाश होता. तेव्हा एनिडने पिशवीतून त्याचा रात्रीचा पायजमा काढून दाखवला. तिने बेटावरच खोली घेतली होती.

"आधी का नाही सांगितलंस?"

"आला असतास?"

संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या बेटाकडच्या तोंडाशी, वाळूच्या उंचवट्यावर बसलो. दोन्ही बाजूंनी पाणी सरकत येत होतं. इतक्यात बेटावरच्या गावाकडून एक मोटार भरधाव आली आणि पाण्याशी येऊन अडखळली. तरणा बाप, शेजारी बायको, मागे दोन पोरं आणि एक म्हातारी. "थोडंसंच तर आहे, जाईल," असं म्हणत त्याने मोटार पुढे घेतली.

विल्फ उठला. काठी आडवी धरून तो मोटारीच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आजोबा, बाजूला व्हा हो! आम्ही काय पाहुणे नाही. इथलेच, अ‍ॅल्नविकचे आहोत."

"म्हणूनच अडवतोय. मी अ‍ॅशिंग्टनचा." विल्फचा आवाज चढला होता. "छपरापर्यंत बुडालेल्या निळ्या मोटारीचा फोटो आला होता पेपरात. ती माझी मोटार. ही माझी लेक, तेव्हा एवढीशी होती. भीतीने माझे हात कापत होते. मोटार मागे घे, बाळा."

त्या तरण्या बापाने पाण्याकडे पाहिलं. रस्त्याची पांढरी रेघ तेवढ्यात दिसेनाशी झाली होती. त्याने मोटार मागे घेतली आणि इंजिन बंद केलं.

"रात्रीच्या सोयीचं बघू," विल्फ म्हणाला. "एनिड, चहा आहे का?"

"चहा आहे, कप नाहीत."

"थर्मासच्या झाकणातून पिऊ."

आत्ता माझ्यामागे दोन घरची माणसं दाटीवाटीने बसली आहेत. माझा एक दांडा तडकलाय, शिवणी कुरकुरताहेत, पण मी उभा आहे. विल्फ त्या पोरांना मोटार कशी बुडाली ते सांगतोय. दर वेळी लाटा आणखी उंच होताहेत आणि एनिड त्याला टोकत नाही. मला फार काही मागायचं नाही. फक्त मला इतक्यात गुंडाळू नका. वारा अजून पडलेला नाही, आणि त्या मोटारीतली म्हातारी संकोचून तिथेच उभी आहे. जरा सरका, तिला आत घ्या.