शिट्टीच्या ओठावरचं गंध

मित्रांनो, मी मद्रासच्या वॉशरमनपेटेतल्या एका रंगकारखान्याची म्हातारी पितळी शिट्टी. बॉयलरच्या डोक्यावर माझं ठाणं आहे. आज आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची यंत्रांची पूजा. खाली कोणीतरी सहाणेवर चंदन उगाळतं आहे. वास गोड आहे, पण मला त्याचं भय वाटतं. का, ते सांगते.

ओताऱ्याने मला ओतलं आणि कानशीने माझा काठ धारदार केला. माझी बांधणी साधी आहे. खाली एक गोल बशी, तिच्या कडेने बारीक फट, आणि वर पालथा घातलेला उंच पेला. फटीतून वाफेचा पातळ पडदा निघतो आणि पेल्याच्या काठावर आपटतो. तो क्षणात आत वळतो, क्षणात बाहेर. आत वळला की पेल्यातली हवा दबते, आणि दबलेली हवा त्याला परत बाहेर लोटते. हा झोका डोळ्यांना दिसत नाही इतका जलद चालतो. तोच माझा आवाज. पितळ गात नाही, मित्रांनो. पितळ नुसतं घर आहे. गाते ती आतली हवा.

माझा सांभाळ कृष्णाजीकडे होता. तो तंजावरच्या मराठी घरातला. रोज मांबलमहून गाडीने यायचा आणि आल्याबरोबर आधी माझ्याकडे मान वर करून बघायचा. त्याचा मेहुणा राघोत्तम बासरी वाजवत असे. एकदा तो जेवणाचा डबा घेऊन आला आणि मला बघून हरखला.

"भावजी, ही तर माझ्या बासरीची थोरली बहीण! मी फुंकर काठावर धरतो, हिच्या काठावर तुम्ही वाफ धरता. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यासुद्धा ह्याच घरातल्या. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर."

"तुझी ही बहीण गाते कमी, ओरडते जास्त," कृष्णाजी म्हणाला. "अगदी तुझ्या सख्ख्या बहिणीसारखी."

"अय्यो, अंबुजाक्काला सांगतोच आज!" राघोत्तम हसला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "पण भावजी, हिच्या काठाला काही लागू देऊ नका हो. बासरीच्या तोंडाशी मेणाचा कण बसला तरी फुंकर वाया जाते. सूर नाही, नुसता फुसकारा."

"हिला कुठे रोज बोलायचंय? आतलं पाणी फार खाली गेलं, त्यावर तरंगणारा गोळा, तो तरंगा, उतरला, की मगच हिला वाफ मिळते. ही बोलली नाही तर बरंच."

तो हे सहज बोलला. मला मात्र ते शब्द बरे वाटले नाहीत.

पुढे त्या वर्षीची आयुधपूजा आली. बॉयलर गार होता. कृष्णाजीने मला चिंचेने घासून लखलखीत केलं, झेंडूची माळ घातली. मग प्रेमाच्या भरात गंधाचा जाड थर माझ्या ओठावरून फिरवला, फटीवरून, काठावरून, सगळीकडून, आणि वर कुंकू लावलं. मी नटले होते, आणि मुकी झाले होते.

दुसऱ्या दिवशी आग पेटली. उष्णतेने गंध भाजून दगडासारखं झालं. कृष्णाजीच्या घरी रीत अशी, की पूजेचं गंध हाताने पुसायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं. कृष्णाजी दर सोमवारी तरफ ओढून मला एकदा वाजवून पाहत असे. त्या सोमवारी त्याचा हात तरफेपर्यंत गेला आणि मागे आला. देवाच्या गंधावर वाफ सोडायची कशी?

आता पुढचं ऐका. आमच्याकडचं विहिरीचं पाणी खारं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीची बॉयलरकडून येणारी खालची वाट क्षाराने बुजली होती. तिच्यात पाणी तसंच अडकून उभं होतं. आत मात्र ते उतरत चाललं होतं. पंप धापा टाकत होता, पण पाणी ओढत नव्हता. कृष्णाजी काचेकडे बघायचा आणि निश्चिंत कोळसा टाकायचा. भिंतीपलीकडे बायका-पुरुष उकळत्या कढयांत सूत बुडवत होते, कोणीतरी कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होतं, आणि सगळे हसत होते.

तरंगा उतरला. वाफ माझ्यापर्यंत आली. मी जीव एकवटला. वाफ होती, पेल्यात हवा होती. पण फट जागोजागी बुजलेली, काठ जाड झालेला. पडदा फाटून भलतीकडे गेला. झोका बसलाच नाही. नुसतं "फुस्स". बॉयलरघरात असे फुसकारे दिवसभर चालू असतात. कोणी मान वर केली नाही. माझ्या पायाखालचा लोखंडी पत्रा कोरडा पडून तापत होता.

कृष्णाजी घाम पुसायला थांबला आणि सवयीने त्याने वर पाहिलं. माझ्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. त्याने काचेकडे पाहिलं. पाणी जागेवर. पुन्हा माझ्याकडे. मग त्याने काचेखालची तोटी उघडली. नळीतलं पाणी गळून गेलं, आणि पुन्हा चढलंच नाही. काच खोटं सांगत होती.

"ओडुंग! पळा! सगळे बाहेर पळा!"

पलीकडचं हसू तुटलं. पावलं धावली. कृष्णाजी धावला नाही. लांब आकडी घेऊन तो भट्टीतले निखारे बाहेर ओढू लागला. बरेचसे ओढून झाले असतील, तेवढ्यात भट्टीच्या छतातला शिशाचा गुल्ला, पत्रा फार तापला की वितळून वाफेला वाट देणारं बूच, वितळला आणि वाफ गर्जत खाली कोसळली. भट्टीच्या दारातून ती त्याच्या अंगावर आली.

बॉयलर फुटला नाही. कढयांजवळचं एकही माणूस दगावलं नाही. कृष्णाजीचे हात भाजले, आणि त्या गर्जनेने त्याचे कान कायमचे गेले. कारखान्याने त्याला फाटकावर बसवलं. माझं तोंड खरवडून साफ झालं, पण मी त्याला परत कधी ऐकू आले नाही.

आता बॉयलरवर चंद्रमौळी आहे. भला माणूस, भाविक. हा बघा, वाटी घेऊन शिडी चढतो आहे. बोटांवर गंधाचा गोळा. त्याचं बोट माझ्या ओठाजवळ आलं, तेवढ्यात शिडीच्या दुसऱ्या बाजूने एक हात वर आला. सुरकुतलेला, भाजल्याच्या खुणा असलेला. त्याने माझं तोंड झाकलं.

"मामा, हात काढा. पूजा करायचीये," चंद्रमौळी म्हणाला.

कृष्णाजीला ऐकू आलं नाही. आलं असतं तरी त्याने हात काढला नसता.

"अहो मामा! देवाचं काम आहे!"

हात तसाच. चंद्रमौळी त्या हाताकडे बघत राहिला. त्या खुणा कशाच्या, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्याने गंधाचं बोट त्या हातावरच टेकवलं, आणि वर कुंकू लावलं.

मित्रांनो, जे तुम्हाला सावध करतं, त्याच्यावर प्रेम करा, त्याची पूजाही करा. पण त्याचं तोंड मोकळं ठेवा, आणि ते बोलतं की नाही हे वेळोवेळी पाहत जा.

उद्या विजयादशमी. आग पेटेल, चंद्रमौळी तरफ ओढेल, आणि मी ओरडेन. कृष्णाजी खाली उभा असेल, गंध लावलेला हात छातीवर ठेवून. माझ्या आवाजाची थरथर आता त्याला तिथेच कळते.