एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, शाईचा पेन म्हटलं की तुम्हाला हसू येतं, ठाऊक आहे मला. मी तसाच एक जुना पेन आहे. टोपणाची पट्टी सैल झाली, पण माझा तोरा काही गेला नव्हता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या पूनमच्या टेबलावर मी राहतो.

तिला नोकरी लागली तेव्हा माळशिरसहून तिचे वडील तात्याबा तिला पोचवायला आले होते. मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस. त्यांनीच मला विकत घेऊन तिच्या हातात दिलं. म्हणाले, "सही कराय दुसऱ्याचा पेन मागू नगंस, पोरी."

पहिल्याच वर्षी पूनमने जुळे सोलापूर भागातल्या एका शाळेच्या गणवेशांसोबत मुख्याध्यापिका बिराजदार मॅडमना चिठ्ठी पाठवली. 'उन्हातान्हात तुम्ही स्वतः मापं घ्यायला उभ्या राहिलात, ते आम्ही विसरणार नाही.' मॅडमनी फोन करून कौतुक केलं. मालक शिवानंदअण्णा हरखून गेले. "पूनम, सगळ्या शाळांना लिही की असं!"

सगळ्या शाळा म्हणजे दोनशे. पूनमने तोच मजकूर वहीत उतरवून ठेवला आणि वर्षानुवर्षं उरलेल्या एकेका शाळेला बघून लिहीत सुटली. लोक अक्षराची वाहवा करत आणि मी फुगत जाई. खरं तर मला लाज वाटायला हवी होती.

यंदा मे महिन्यात बिराजदार मॅडम अचानक कारखान्यात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पर्समधून दोन चिठ्ठ्या काढून त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक त्यांची, सहा वर्षं जपलेली. दुसरी अक्कलकोटकडच्या चन्नप्पा सरांची; मुख्याध्यापकांच्या बैठकीत त्यांनी ती कौतुकाने दाखवली होती. अक्षर तेच, ओळी त्याच.

"सरांच्या शाळेत मापं शिपायानं घेतली," मॅडम म्हणाल्या. "मग सरांचं काय विसरणार नाही तुम्ही?"

शिवानंदअण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमच्या शाळेचं काम सगळ्यात मोठं. ते गेलं तर शिलाईच्या चौदा बायकांपैकी निम्म्या घरी बसणार होत्या. आतली यंत्रं थांबली. सगळ्यांत जुनी कारागीर रंभाबाई दारात येऊन उभी राहिली. मला टेबलावरून घरंगळून कुठंतरी दडावंसं वाटलं.

"चुकलं, मॅडम," पूनम म्हणाली. "तुमची तेवढी मनानं लिवली. बाकीच्या बघून लिवल्या."

"ते मी खरं कसं मानू? आत्ता लिहा. आमच्या शाळेचं तुम्हाला ठाऊक असलेलं काहीतरी."

पूनमने मला उचललं, आणि मी कोरडा! महिनाभर मला कोणी धुतलं नव्हतं, शाई निबेतच वाळली होती. कागदावर नुसता ओरखडा उठला. अण्णांनी घाईघाईने बॉलपेन पुढे केला. तिने मान हलवली, मला पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, झटकलं आणि पुन्हा टेकवलं. पोटात होती नव्हती तेवढी शाई मी ओतली. फिकट उमटलं, पण उमटलं.

'तुमच्या सातवीतल्या सोनमचा डावा हात आखूड आहे. मापाच्या कागदामागे तिने लिहिलं होतं, बाही माझ्या हाताएवढीच शिवा, दुमडली की सगळे बघतात. रंभाबाई दरवर्षी तिची बाही वेगळी शिवतात. यंदा ती आठवीत जाईल. तिचं नवं माप अजून आलेलं नाही.'

मॅडमनी दोनदा वाचलं. मग त्या खुर्चीत बसल्या.

"तिनं असं लिहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "तिला उद्या मीच घेऊन येते. बाकीची मापं सोमवारी पाठवते."

रंभाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि ती आत गेली. यंत्रं पुन्हा सुरू झाली.

मित्रांनो, आता पूनम महिन्याला चार-पाचच चिठ्ठ्या लिहिते. बाकीच्यांना छापील पत्र जातं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा पेन असेल तर त्याला अधूनमधून पाण्याने धुवा, उघडा टाकू नका. आणि कोणाला लिहायला बसलात, पण त्याच्याबद्दल एकही गोष्ट आठवली नाही, तर पेनाला टोपण लावा. आधी त्या माणसाकडे नीट बघून या.